डावी कूस

चौदा रात्री मी टेबलावर एकाखाली एक पसरल्या.
डॉक्टर पिरास म्हणाले होते, संध्याकाळचं इन्सुलिन
आणखी दोन युनिट वाढवू. सकाळची साखर बघ,
दोनशे साठ, दोनशे ऐंशी. या माणसाला पथ्य ठाऊक नाही.

गोनारिओ समोर बसलेला, टोपी गुडघ्यावर,
बुटांना फोन्नीच्या डोंगरावरचा चिखल.
पथ्य त्याला ठाऊक होतं.
पण रोज रात्री अडीचला यंत्र किंचाळायचं: पन्नास!
मग तो अंधारात पीचचा रस प्यायचा, दोन पेले,
वर मधात बुडवलेला पाव, नुसत्या भीतीपोटी.

मी रेघेवर बोट ठेवलं.
साठ वर्षं मेंढरं हाकलेल्या माणसाला म्हटलं,
साखर उतरते ती मेंढीसारखी,
थांबत, हुंगत, मागे वळून बघत.
ही तर कड्यावरून धोंडा सुटावा तशी पडलीय,
आणि तुम्ही उठलात तशी, रस पोटात पोचायच्या आत,
परत वर.
धोंडा वर येतो कधी?

झोपता कसे?

टोपीची शिवण चाचपत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, पास्केद्दा घोरायची.
चाळीस वर्षं तिच्याकडे पाठ करून झोपलो.
आता अडीचला आपोआप जाग येते, इतकं शांत असतं.
तेव्हा वळतो तिकडे. डाव्या कुशीवर.
हात अंगाखाली जातो. जाऊ देतो.

सेन्सर डाव्याच दंडावर होता.

दोन रात्री, रस पिण्याआधी, बोट टोचून बघा म्हटलं.
चीज गुंडाळायच्या कागदावर पेन्सिलीनं आकडे आणले त्यानं:
एकशे एकतीस. एकशे चोवीस.
डॉक्टरांनी कागद दिव्याशी धरला, नकळत हुंगला,
आणि नवी युनिटं खोडली, मागच्या महिन्याचीसुद्धा.

सेन्सर उजव्या दंडावर लावला.
"म्हणजे तिकडे वळलो तर चालेल?"
वळा.

अहवालात 'कारण' असा रकाना असतो, दोन बोटं रुंद.
मी लिहिलं: दाब.

पुढच्या रात्री बहुतेक सपाट.
फक्त नोव्हेंबरच्या दोन तारखेला, जेव्हा आमच्याकडे
गेलेल्यांसाठी ताट मांडून झोपतात,
मध्यरात्री एक डोंगर, दोनशे चाळीसचा.
मनुका घातलेली वडी असणार, एक नाही, तीन-चार.
तिथला रकाना मी कोरा सोडला.