पीळ

तीन आठवडे मी मागचा अँटीरोल बार बदलत होते.
आधी अठराचा, मग वीसचा, मग बावीसचा.
पुढचा सैल सोडला,
वहीत तारखा, टायरमधली हवा, चाकांच्या कलाचे अर्धे अंश,
आणि मुकादमांचा तन्वीर हेल्मेट काढून
दर वेळी तेच:
नाक बाहेरच जातंय.
खरंच बदललंस का काही?

खारघरच्या पुढे
जिथे रस्ता आला आणि इमारती यायच्यात
तिथे रविवारी पहाटे सहा शंकू मांडायचे,
वॉचमनला चहा, कुत्र्यांना पाव,
आणि हे उत्तर घेऊन परत रबाळ्याला.

हिराजी ठाकूर वेल्डिंगचा.
बापाचं मिठागर सिडकोत गेलं,
याच्या वाट्याला गोठिवलीच्या अंगाला एक शेड
आणि निळी ज्योत.
त्याने पुढच्या चौकटीवर पाय ठेवला,
मागच्या नळीला तळवा लावला, ताप बघतात तसा,
दोनदा दाबलं.
"स्प्रिंगला कती बोल लावशील, पोरी?
गारीचा आंगच वलतंय."

राग आला.
चौकट माझी होती.
स्क्रीनवर ती नखशिखांत निळी होती,
लाल ठिपका औषधालाही नव्हता.

तरी लावली चाचणी.
मागची बाजू टेबलाला जखडली,
शॉकच्या जागी लोखंडी दांडे, म्हणजे स्प्रिंगला बोलायला जागा नको,
पुढे आडवा सी-चॅनल, मध्ये टेकू,
एका टोकाला तन्वीरच्या भावाच्या जिममधल्या प्लेटा.
दहा किलो. वीस.
चाळिसाला डायलचा काटा
सात मिलिमीटरवर जाऊन उभा.

सात.
मी तीन आठवडे जे मागे ढकलत होते
ते पुढे पोचतच नव्हतं,
मधल्या मध्ये चौकट गिळत होती,
दोन घरांत निरोप नेणारी बाई
वाटेत स्वतःचं काहीबाही घालते तसं.

हिराजीने प्लेटा उतरवल्या.
काटा शून्यावर.
सरळ, साळसूद,
पाहुण्यांसमोर शहाणं झालेलं मूल.
सुंभ जळतो, पीळ जात नाही, म्हणतात.
हा पीळ तर लगेच जातो.
उभ्या गाडीला काही होत नाही.
गुण्याने मोजा, लेव्हल लावा, फोटो काढा:
चारही कोपरे एका रेषेत.
फक्त वळणात, भार आला की,
दीड सेकंदासाठी
ती जी आहे ती असते.

मग हिराजीने बोट ठेवलं
सीटमागच्या रिकाम्या चौकोनावर.
"हितं काय होता?"

होती एक तिरपी नळी.
मीच काढली होती, डिसेंबरात.
एक किलो चारशे ग्रॅम.
प्रेझेंटेशनमध्ये त्या आकड्याला टाळ्या पडल्या होत्या.
हे मी त्याला सांगितलं नाही.
फक्त म्हटलं, पंचवीसची नळी आहे का?

त्याने तोंडं माशाच्या तोंडासारखी कापली,
कानस मारली, बसवून पाहिली,
परत कानस मारली.
फट इतकी कमी की प्रकाश अडखळेल.
मी मुखवट्यामागे डोळे मिटले.
ते टाके पडताना येणारा आवाज
मला अजून सांगता येत नाही,
तेलात काहीतरी ओलं पडावं तसा, पण तसाही नाही.

चाळीस किलो. काटा अडीचवर थांबला.
हिराजीने बिडी कानावरून काढली
आणि न पेटवता परत ठेवली.

रविवारी स्प्रिंग एक नंबर मऊ लावली.
आता परवडत होतं:
हाडं ताठ असली की पावलं हलकी टाकता येतात.
बाकी काही हात लावला नाही.
बार बावीसचाच.

तन्वीर तिसऱ्या फेरीत गरकन फिरला,
दोन शंकू उडाले, कुत्री पळाली.
धूळ बसायच्या आत तो उतरला,
हेल्मेट हातात, वैतागलेला:
"बावीसचा काढ. शेपूट सुटतंय."

मी पाना शोधत होते
आणि हसू आवरत नव्हतं.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा
मी केलेल्या कशाचा तरी
कुणाला त्रास झाला होता.