राखण

अंबाजोगाईच्या मेडिकलला, तळमजल्यावर,
जिथं फॉर्मॅलिनच्या वासानं डब्यातली भाकरीसुद्धा परकी लागते,
मी बायकांचे तुकडे बघते.
हरभऱ्याच्या डाळीएवढे.

बायोप्सी नंबर सातशे बारा.
केवळाबाई मुंजाजी तोंडे, वय चव्वेचाळीस, मुक्काम आसरडोह.
तक्रार: अंगावर पांढरं जाणं.
किती वर्षं? तो रकाना कोरा.

पहिली काच, पी-सोळा:
तळापासून वरपर्यंत काताचा रंग चढलेला.
दुसरी, सीडी-आठ. राखणदार पेशी.
बांधाखाली ही दाटी,
बांध ओलांडून आत शिरलेल्या
मोजून नऊ.

रिपोर्ट न्यायला ती एकटीच आली.
घरी सांगितलेलं, दात दाखवायला चालले.
म्हटलं, विषाणू आहे, बाई.
पुष्कळ जणींना होतो, पुष्कळींचं शरीर
त्यांना कळायच्या आत हाकलूनही देतं.
तुमच्यात ठाण मांडलं त्यानं.
कॅन्सर नाही. अजून.
'अजून' मी हळू बोलले,
तिनं नेमका तोच उचलला.

कुणाकडून आला, हे तिनं विचारलं नाही.
त्याचा रंग आमच्या लॅबला येतही नाही.

विचारलं ते वेगळंच:
"मंग ह्या राखणीच्या काय करीत व्हत्या?
झोपल्या कामून?"

हिमोग्लोबिन सात, दातांना मिश्री,
माझ्याकडं उत्तरं होती.
तीच म्हणाली,
"ज्वारी हुरड्यात आली की म्या पंधरा पंधरा दिस माळ्यावर.
गोफण हातातच आसायची, अन् डोळा लागायचा.
पाखरं काय सांगून येत्यात?"

शुक्रवारी या, म्हटलं, ओपीडी चौदा.
तारेच्या कडीनं तेवढाच भाग काढतील.
पिशवी नाही.
पिशवी नाही, हे दोनदा सांगितलं,
कारण तिच्या टोळीतल्या सात जणींची गेलेली,
आणि सातही नावं तिला
ओळीनं पाठ होती.

"दाव की मला."
दाखवायचं नसतं. दाखवलं.
दोन्ही डोळे लागेनात,
एक तिनं तळहातानं झाकला.

"ह्या बांधाखाली बसलेल्या, ह्याच का?"
ह्याच.
"लई हायेत की गं."

मग ओठातल्या ओठात काही पुटपुटली.
मला वाटलं, देवाचं नाव.
कान दिला तर
हाऽऽ हो, हाऽऽ हो,
पाखरं उठवायची हाक,
इतकी हळू
की काच हलू नये.