अकरा रुपये

फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधायचं,
रामकुंडाच्या पायरीवरून लांब फेकायचं
आणि हळूहळू ओढायचं.
घाईनं ओढलं की नाणं सुटतं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
शिकवलंच असेल तर पौषातल्या पाण्यानं.

नवा रुपया चिकटतो.
जुनं जाड नाणं चिकटत नाही,
त्याच्यासाठी बुडी मारावी लागते,
आणि बुडी मारली की दिवसभर कानात नदी.
वर्गात तुंगार बाईंचा प्रश्न मला अर्धाच ऐकू यायचा.
उरलेला मी मनानं जोडायचो.
कधीकधी बाईंच्या प्रश्नापेक्षा माझाच अवघड निघायचा.

लोक पापं सोडायला यायचे, नवस फेडायला यायचे,
पिशवीत कुणाची तरी राख घेऊन यायचे.
आम्ही त्यांच्या पायांजवळ, गुडघाभर पाण्यात.
आई म्हणायची, नदीचं घेतलंस तर
कशासाठी घेतलंस ते तिला सांगून ये.
मी सांगायचो, वहीसाठी.
भजी खाल्ली त्या दिवशीही
वहीसाठीच म्हणालो होतो.

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की धंदा बंद.
दहावीच्या वर्षी दोनदा लागलं.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी
रुमालाची गाठ खैरनार क्लार्कच्या टेबलावर सोडली.
नाणी ओली होती. रजिस्टरावरची शाई पसरली,
कुणाचं तरी आडनाव वाहून गेलं.
ते रागावले नाहीत.
रुपयांची एक चळत, आठाण्यांची एक चळत,
एक गंजकं नाणं नखानं खरवडून पाहिलं.
मी आधीच मोजून आलो होतो,
घाटावर दोनदा, पुलावर एकदा.
अकरा रुपये कमी होते.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
खिडकीबाहेर बघितलं, बराच वेळ,
तिथं एक सायकल होती, बाकी काही नव्हतं,
आणि पूर्ण रकमेची पावती फाडली.

पुढचं थोडक्यात सांगतो.
डिप्लोमा, मग अंबडच्या कारखान्यात तपासनीस.
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला
तरी माल परत पाठवतो मी.
पहिल्या पगाराला पेढे आणि अकरा रुपये घेऊन
मखमलाबाद नाक्यावर त्यांचं घर शोधत गेलो.
पेढा खाल्ला त्यांनी. पैसे बघून चिडले.
म्हणाले, बत्तीस वर्षांत माझा हिशोब
एकदाही चुकलेला नाही.
कमी असते, तर पावती दिली असती का मी?
चहा घे आणि नीघ.

निघालो. अकरा रुपये खिशात तसेच.

आता शनिवारी संध्याकाळी
फुलेनगरच्या समाजमंदिरात टेबल टाकतो.
उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला,
बापाचं नाव एका कागदावर रघुनाथ, दुसऱ्यावर रगुनाथ,
एका अक्षरापायी तहसीलच्या चार खेपा.
सगळे पार होतात असं नाही.
सुभान नावाचा पोरगा एका दिवसानं हुकला,
तो दिवस माझा होता, मी ओव्हरटाइमला थांबलो होतो.
तो आता टेम्पो चालवतो. दिसला की हॉर्न देतो.
त्या हॉर्नचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

हिरकणी बेंडकोळी पेठ रोडहून यायची
द्राक्षाच्या पॅकिंगवरून, बोटांना पेटीच्या पिनांचे ओरखडे.
नर्सिंगच्या अर्जात 'छंद' असा रकाना होता.
म्हणाली, सर, इथं झोप लिहू का?
वाचन लिहिलं. दोघंही हसलो.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे.
सुट्टीत येते, माझ्या डाव्या हाताला बसते,
पोरांचे फॉर्म आणि फी तीच मोजून घेते.
परवा एक पोरगा आला,
नोटा घामानं भिजलेल्या, मुठीत गच्च.
तिनं त्या एकेक करून सरळ केल्या,
मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली.

पूर्ण आहेत का गं? मी विचारलं.
ती काहीतरी म्हणाली.
डावा कान माझा अजून अर्धंच ऐकतो.
मी पुन्हा विचारलं नाही.