टोकन दोनशे चौदा

अंजर्ल्याहून निघताना घरमालकीण काकू म्हणाल्या,
"घावनं खाऊनच जा, आत भजी सत्तर रुपयांना."
तरी मी दशम्या बांधल्याच.
बार्शीचा हात रिकामा घराबाहेर पडत नाही.

फाटकावर त्या पकडल्या गेल्या.
शिपाईणबाईंनी डबा उघडला, हुंगला,
शेंगदाण्याची चटणी बघून थोड्या विरघळल्यासुद्धा,
पण नियम.
टोकन मिळालं : दोनशे चौदा.
माझ्या दशम्या एका फळीवर
कुणाच्या वेफर्सशेजारी, कुणाच्या पायरी आंब्यांशेजारी
दिवसभर बसून राहिल्या.

भिशी लागली म्हणून आलो होतो.

पाताळघसरगुंडीपाशी एक लाकडी आठपायी उभा,
एक पाय आडवा धरलेला.
डोकं त्याला टेकलं तरच वर सोडतात.
गिरिजा दोन बोटं कमी.
चवड्यांवर उभी राहिली. केसांचा बुचडा बांधून बघितला.
ह्यांनी वाद घातला,
"सुट्टीत पोरं दिवसाला वाढतात हो,
संध्याकाळपर्यंत होईल की पुरती."
रांग हसली.
तो पोरगा हसला नाही. छातीवर नाव : हेरंब पालशेतकर.
तिच्यापुढे वाकून म्हणाला, "पुढच्या वर्षी ये गो."

पुढच्या वर्षीची भिशी नणंदेची आहे.

तिकीट फुकट जायला नको म्हणून
हे एकटेच चढले. एकशेआठ पायऱ्या,
हातात चष्मा, पोट आत ओढलेलं.
खाली आम्ही दोघी, चार चपला, तीन पिशव्या.
मग त्या हिरव्या नळीतून एक आवाज आला.
ओरडणं म्हणावं तर तसं नाही. हाक म्हणावी तर कुणाला?
वळणावळणावर तो फुटत होता, पुन्हा जुळत होता.
गिरिजा म्हणाली, "आई, हे कोण?"
चौदा वर्षांच्या संसारात
मी तो आवाज ऐकला नव्हता.
न्हाणीघरात नाही, सासऱ्यांच्या तिरडीपाशीसुद्धा नाही.
नळीच्या तोंडातून हे बाहेर पडले,
पाण्यात बसून राहिले जरा,
चष्मा पुसायला कोरडं काही आहे का, विचारलं.

दुपारी लाटांचं तळं.
आमच्याकडे नळ येतो पाचव्या दिवशी,
इथे लाट दर अर्ध्या तासाने. आधी भोंगा होतो.
मी भाड्याचा निळा झगा घालून उभी,
कोपरापाशी कुणा दुसरीने उसवलेला.
भोंगा झाला की साऱ्या बायकांचा हात
आधी गळ्याशी जातो, मग पोराकडे.
माझाही गेला, त्याच क्रमाने.
भिंतीपलीकडे खरा समुद्र आहे, कुणीतरी म्हणालं.
मधे स्पीकर होते.

पाच वाजता टोकन दिलं, डबा घेतला.
आंबे आधीच गेले होते आपल्या माणसांबरोबर.
किनाऱ्यावर बसून दशम्या सोडल्या, वाळूसकट खाल्ल्या.
गिरिजा पाण्यापर्यंत गेली, थांबली,
मागे वळून ओरडली, "याला भोंगा नाही?"
"नाही."
"मग कळायचं कसं?"
मी ह्यांच्याकडे बघितलं.
हे दशमीचा तुकडा चटणीत बुडवत होते,
बराच वेळ, एकच तुकडा.
तेवढ्यात तिचा फ्रॉक कमरेपर्यंत भिजला
आणि उत्तराची गरज उरली नाही.

पिवळी पट्टी मनगटावरून निघेना,
रात्री काकूंच्या विळीवर कापली.
गिरिजाने आपली ठेवली. शाळेत दाखवायची म्हणे.
आठपायीचं मात्र सांगणार नाही, असं तिनेच ठरवलंय.

दोन दिवस ह्यांचा आवाज बसलेला.
बार्शीला शेजारचे बोबडे विचारायला आले, समुद्र कसा होता?
ह्यांनी हातानेच सांगितलं : मोठा.
मी गुळण्यांना मिठाचं पाणी दिलं,
कोमट, दोन तांबे.
विचारलं काही नाही.