सूर्यास्तानंतर : होय / नाही

दिमोनाहून उरीएलने तीन प्रोग्रॅम पाठवलेत,
तिन्ही महिनाभर फुकट.
"आत्ये, एक ठरव. मग सगळ्यांची नावं भरू."
सगळे म्हणजे किती, हे तिथे बसून सोपं वाटतं.
मी रेवदंड्यात. लाइट दुपारची जाते,
लॅपटॉप त्याच्या मुलीचा, जुना, 'ल'ची कळ अडकते
आणि आमच्या घराण्यात ल फार :
एलोजी, मिल्का, शालोम, तेली.

पहिल्याला बंदर हवं. पूर्वज कुठे उतरले, कुठल्या साली.
लिहिलं : नवगाव. फुटलेलं गलबत. साल माहीत नाही.
तांबड्या अक्षरांत म्हणाला, साल चुकीचं आहे.
व्यवसायाच्या यादीत शिंपी, सराफ, रब्बी, शेतकरी.
एलोजीआजोबांचा घाणा शुक्रवारी ऊन उतरलं की थांबायचा,
बैलसुद्धा त्या दिवशी आपणहून मान काढून घ्यायचा म्हणे.
शनवार तेली यादीत नाही.
'इतर'मध्ये मी त्यांना टाकणार नाही.
पहिला काढून टाकला.

दुसरा देखणा. माडासारखं सरळ झाड काढतो,
खाली बुंधा, वर झावळ्या.
पण माझी आई बाबांची मामेबहीण,
आणि मिल्काआत्या दिली ती आईच्याच भावाला.
साटंलोटं त्याला कळेना,
रेघ फिरून फिरून स्वतःच्याच शेपटाशी येऊन बसली.
हनोख लिहिलं की विचारी :
ही व्यक्ती आधीच आहे. पुन्हा कशाला?
बाबा रे, आहे म्हणून नाही. गेली म्हणून पुन्हा.
आजा मातीत ठेवला की मग नातवाला त्याचं नाव.
हनोखाचा पिन्हास, पिन्हासाचा हनोख.
आमच्या कब्रस्तानात एकाला हाक मारावी,
तिघांनी ओ द्यावी.

तिसरा कुरूप.
करड्या चौकटी, मुंगीएवढी बटणं,
देवनागरीत लिहिलं की वेलांट्या भलत्याच अक्षरावर.
पण हिब्रू तारीख घेतो.
आणि मृत्यूच्या रकान्याशेजारी एक लहानसा चौकोन :
सूर्यास्तानंतर?

तिथे हात थांबला.
आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो.
सूर्य असताना माणूस गेला तर हेश्वानची पंधरावी,
बुडाल्यावर गेला तर सोळावी.
बाबा गेले दिवेलागणीला.
घरात सगळे एवढंच सांगतात.
दिवेलागण म्हणजे आधी की नंतर?
ह्याच्याकडे दिवेलागण नाही. टिचकी मारा, नाहीतर सोडा.
आम्ही सोळावी धरत आलो. एकतीस वर्षं.

थेरोंड्याच्या कोळीवाड्यात धाकुबाई अजून आहे,
तेव्हा आमच्या परसापलीकडे तिची वलांडी होती.
कानात ओरडून विचारलं.
"तुजा बापूस ग्येला तवा मी बोंबील उतरवीत व्हते.
रडनं आयकलं नि पाटी तशीच टाकून आले.
दव पडाच्या आदी उतरवाचे असतात, काळोखात कोन उतरवतंय?
उन्ह व्हता गो. समिंदरावर बोटभर."

बोटभर.

घरी आले. चौकोन रिकामाच ठेवला.
एकतीस दिवे, खोबरेल घालून, वात सारखी करून,
एक दिवस उशिरा लावलेले.
तसे बाबा वाट पाहणाऱ्यातले.
अलिबागची एस.टी. चुकली तर दुसरीपर्यंत
स्टँडवर उभे राहायचे, बसायचे नाहीत.

उरीएलला कळवलं : तिसरा घे. दिसायला वाईट आहे,
पण नेमकं विचारतो.
त्याने लगेच पैसे भरले, आणि फोटो पाठवला,
आठ दिवसांचा, टोपडं डोळ्यांवर आलेलं,
रडून लाल झालेला पिन्हास.
नाव टाइप केलं. करडी चौकट उघडली :
ही तीच व्यक्ती आहे की वेगळी?

मी चहा ठेवायला उठले.