हरवलेल्या पावलांचं दालन

माँतेविदेओच्या संसदेत, दोन सभागृहांच्या मधोमध
एक लांबच लांब संगमरवरी दालन आहे.
नावच त्याचं हरवलेल्या पावलांचं.
पावलं हरवतात का, मला ठाऊक नाही.
डाग मात्र राहतात. ते मी पुसते,
पहाटे पाचपासून, गेली सव्वीस वर्षं.

या टोकाला नव्व्याण्णव प्रतिनिधी,
त्या टोकाला तीस सेनेटर.
लोक एकाला खालचं सभागृह म्हणतात, एकाला वरचं.
माझी बादली एकदा उलटली होती, बरोब्बर मध्यावर.
पाणी जरा थबकलं,
मग नुसतंच पसरलं.
उतार कुणाकडंच नव्हता.

मार्चात विल्मार एक फाइल घेऊन निघाला
या दारातून त्या दाराकडं.
विल्मार शिपाई. कधी घाईनं चालला नाही.
"काय आहे रे?" मी हात न थांबवता विचारलं.
"लोकर कातरणाऱ्यांचा कायदा. मनगटं जातात ना त्यांची."

माझा हात थांबला.

बाबांनी दुरास्नोच्या माळावर एकेचाळीस हंगाम मेंढ्या भादरल्या.
मेंढीमागे एक पत्र्याचा बिल्ला मिळायचा,
संध्याकाळी बिल्ले मोजून पैसे.
आता उजव्या हातात
येर्बाच्या कडू चहाचा तुंबासुद्धा ठरत नाही.

दर रविवारी फोन.
"कुठवर आलं गं ते?"
कोकरू वाट चुकल्यासारखं विचारायचे.
"त्या टोकाला, समितीत."
"तिथं काय करतात?"
"वाचतात."
"अजून?"
हिवाळा गेला. लोकरीचंच घोंगडं,
आणि तेही भिजत.

ऑक्टोबरात फाइल परत आली.
एकच शब्द वाढला होता, विल्मारनं हळूच सांगितला: 'सलग'.
दहा वर्षं सलग काम केलं असेल, तरच भरपाई.
मी बाबांना वाचून दाखवलं.
ते हसले, खोकले, परत हसले.
"मेंढीच्या अंगावर लोकर सलग येते का?
त्या सेनेटरला म्हणावं, एकदा येऊन विचार तिला."

मी कोण सांगणार.
पण पायसांदूचा एक प्रतिनिधी, बेरातेगी, तेच बोलला म्हणे भर सभागृहात,
आणि या टोकानं तो शब्द नाकारला.
ते टोक सोडेना, हे टोक घेईना.
मग उरतो एकच मार्ग:
दोघांनी एका छपराखाली बसायचं,
आणि तीनांतल्या दोघांनी हो म्हणायचं.

त्या दिवशी विल्मारच्या हाती काही नव्हतं.
तीस सेनेटर स्वतःच चालत निघाले
माझ्या ओल्या फरशीवरून.
एकाच्या बुटाला चिखल.
एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडं बघून कडेकडेनं गेले.
एकीनं 'माफ करा' म्हटलं.
दार लागलं.

मी खांबाआड उभी, बादली पायाशी.
फोन थरथरला. आज रविवार नव्हता.
"कुठं आहे आता?"
"इथंच, बाबा. आत. मोजताहेत."

पलीकडून आवाज नाही.
लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं,
बिल्ले मोजताना कुणी बोलायचं नाही,
आकडा चुकतो.

तसेच आम्ही दोघं फोन धरून राहिलो,
ते डाव्या हातानं.