कारण एका ओळीत लिहा

हुबळीहून माणूस आला होता, बेल्लद म्हणून,
बगलेत फाईल, कॉलरला घामाची कड.
कागद पुढं सरकवून म्हणाला,
हातातल्या गेमचे बारा पीस दिले होते, खपला एक.
कारण एका ओळीत लिहा, खाली दुकानाचा शिक्का.

ओळ केवढी, तर माझ्या करंगळीएवढी.
मी लिहिलं, 'गिऱ्हाईक नाही.'
ते खोटं होतं.

गिऱ्हाईक आलं होतं की.
वडगावात दुकान, समोर माग, मागं माग,
माळ्यावरसुद्धा माग,
खटखट अशी की रेडिओ विकताना
गिऱ्हाइकाचा कान धरून आत न्यावा लागायचा.
त्यात हे यंत्र वाजून वाजणार किती? चिलटाएवढं.

पहिल्या दिवशी पोरं आली, दहा-अकरा.
एकानं हातात घेतलं आणि बाकीच्यांना
नुसता त्याचा अंगठा दिसला.
व्हिडिओ गेमच्या खोलीत रुपयाला दहा मिनिटं,
खेळतो एक, हरतात सगळे,
"डावीकडं मार की, डावीकडं!" म्हणायला पैसे पडत नाहीत.
इथं ओरडायचं कुणावर?
पाच मिनिटांत पोरं गोट्यांकडं परत गेली.

मग सौंदत्तीकडचा एक बाप, लेकीला घेऊन.
उलटंपालटं करून विचारतो,
"इदरागं फोन बर्तैतेन्री?"
नाही म्हटलं. फोन येत नाही, जात नाही.
त्यानं ते काउंटरवर ठेवलं, हळूच,
दुसऱ्याचं मूल खाली ठेवावं तसं.
तेवढ्याच पैशात मोबाईल येत होता
आणि त्यात साप फुकट.

उन्हात चित्र दिसायचं नाही, हेही खरं.
अनगोळच्या मावशीनं पदराखाली धरून बघितलं,
म्हणाली, मुंग्या पळालेत की रे ह्यात.
सेल चार लागायचे.
खेळाची कॅसेट वेगळी, तिचे पैसे वेगळे,
आणि ती हुबळीतसुद्धा नाही, बंगळूरहून मागवा.
माहितीपुस्तक सहा भाषांत,
आमच्या दोन्ही नाहीत.
पाटीवरनं भांडणारे दोघंही त्या दिवशी दुकानात होते.
दोघांनाही वाचता आलं नाही.

खपला तो एक, सुगंधा कणबरकरला.
ढवळींच्या कारखान्यात कांड्या भरायची.
नऊ हप्ते, दर शनिवारी पगारातनं,
शेवटचा तर सगळा सुट्ट्या नाण्यांत.
कशाला घेतीस, मी विचारलं.
"दुपारची लाइट गेली की माग थांबतो नव्हं.
दोन दोन तास हातांना काय सांगू?"

गल्ली गप्प झाली की मला कळायचं,
ती आता खिडकीपाशी बसली असणार,
उजेडाकडं पाठ करून.
तेवढ्या दोन तासांत
ते चिलट दुकानापर्यंत ऐकू यायचं.

महिन्या-दोन महिन्यांनी विचारायला यायची,
दुसरा खेळ आला काय?
नाही आला. कंपनीनं गेमच बंद केला,
बेल्लद पुन्हा दिसला नाही,
उरलेले पीस न्यायलाही कुणी फिरकलं नाही.
मग एकाचं बटण, दुसऱ्याची स्प्रिंग,
तिसऱ्याचा स्पीकर,
असं करत करत अकरा मोडले
आणि एक चालू ठेवला.
ह्याला हिशेबाच्या वहीत खाना नाही.

गेल्या संक्रांतीला आली होती. चष्मा लागलाय.
पडदा गेलेला, वरपासून खालपर्यंत
नुसत्या उभ्या रेघा.
आता काही निघायचं नाही, मी म्हटलं,
अकरावाही संपला.
तिनं तो दाराकडं तिरका धरून
बराच वेळ बघितला.
"राहू दे," म्हणाली,
"ताणा लावल्यासारखं दिसालंय,"
आणि चार सेल मागितले, नवे.